एवढ्याशाने काय होते?

मला गव्हातले ग्लुटेन चालत नाही आणि अक्रोडाची ॲलर्जी आहे, हे कळल्यावर बहुतेक जण मनापासून हळहळतात आणि मग हमखास विचारतात, ‘पण अगदी एवढेसे खाल्ले तर काय होते?’ या प्रश्नामागे कधी आग्रह असतो, कधी शंका, तर कधी खरीखुरी काळजी. पण प्रश्न नेहमीच रास्त असतो. जेवता जेवता मात्र त्याचे उत्तर धड देता येत नाही, कारण माझ्या एकाच शरीरात त्याची दोन अगदी वेगळी उत्तरे आहेत, आणि ज्या उत्तराची लोकांना भीती वाटत नाही, त्याच्याबद्दलच मला अधिक सांगायचे आहे.

अक्रोडाचे उत्तर आधी देते, कारण ते लवकर पटते. अन्नाच्या खऱ्या ॲलर्जीत शरीराने त्या पदार्थातील प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे आधीच तयार करून ठेवलेली असतात. तो पदार्थ पोटात जाताच काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, हिस्टामिनसारखी रसायने रक्तात सुटतात. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, आणि त्रास वाढला तर श्वासनलिका आवळते व रक्तदाब कोसळतो. या टोकाच्या प्रतिक्रियेचे वर्णन शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली केले. समुद्रफूल या सागरी प्राण्याच्या विषाची पहिली मात्रा सहन केलेले कुत्रे काही आठवड्यांनी दिलेल्या त्याहून लहान मात्रेने दगावले, हे त्यांना प्रयोगात दिसले. ‘एवढेसे’ हे माप इथे उपयोगाचे नाही ते याचमुळे: प्रतिक्रिया किती तीव्र होईल, हे केवळ पदार्थाच्या वजनावरून सांगता येत नाही आणि मागच्या वेळी थोडक्यात निभावले म्हणून पुढच्या वेळीही निभावेल, असे नसते. अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ताबडतोब अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने खाज कमी होईल, पण बंद होत चाललेला श्वास तिच्याने मोकळा होत नाही. इंजेक्शननंतर बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच लागते, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उफाळू शकतो. म्हणून ते इंजेक्शन कायम माझ्या पर्समध्ये असते, आणि ते कुठे आहे व कसे द्यायचे, हे माझ्या जवळच्या माणसांना ठाऊक असते.

हे ऐकल्यावर अक्रोडाचा आग्रह पुन्हा कोणी करत नाही. गव्हाचे तसे होत नाही, कारण गव्हाचा कण पोटात गेला तर बहुतेक वेळा समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही काही जाणवत नाही.

मला सीलिॲक आजार आहे. जगात साधारण शंभरातील एका माणसाला तो असतो आणि त्यांतील पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. गहू, बार्ली आणि राय या धान्यांमध्ये ग्लुटेन या नावाने ओळखली जाणारी प्रथिने असतात. ती पूर्णपणे पचत नाहीत. त्यांचे काही तुकडे लहान आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचतात, आणि ज्यांच्या अंगी विशिष्ट जनुके आहेत अशा काही जणांची प्रतिकार यंत्रणा त्या तुकड्यांना शत्रू समजते. पुढे ती केवळ त्यांच्यावर न थांबता स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात, ज्यांना डॉक्टर व्हिलाय म्हणतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषून घेणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. सीलिॲकमध्ये ते उंचवटे झिजत जातात आणि शेवटी सपाट होतात. ही ॲलर्जी नव्हे. इथे अ‍ॅड्रेनलिनचा उपयोग नाही, आणि जीव तडकाफडकी धोक्यात येतो असेही सहसा होत नाही.

या आजाराचे वर्णन लंडनच्या सॅम्युएल जी यांनी १८८८ साली केले होते आणि उपाय आहारातूनच सापडेल, हेही त्यांनी ओळखले होते. पण दोष गव्हाचा आहे, हे कळायला आणखी साठेक वर्षे जावी लागली. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय १९३०च्या दशकापासूनच होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, युद्धामुळे नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा एरवी खंगत जाणारी त्यांची सीलिॲकची मुले सुधारली. पाव परत आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. ज्या हिवाळ्यात उपासमारीने हजारो माणसे मेली, त्याच हिवाळ्यात ही मुले सुधारली, हे वाचताना मन आजही सुन्न होते. डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध सादर केला, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या विष्ठेतील स्निग्धांश मोजून, गहू दिल्यावर शोषण बिघडते व काढल्यावर सुधारते, हे आकड्यांनी दाखवून दिले.

शोषण हा शब्द माझ्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाचा ठरला, कारण माझे पोट कधी दुखले नाही. माझी तक्रार होती ती थकव्याची. एक जिना चढला की धाप लागायची, तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा पडायच्या, रात्री अंथरुणावर पडले की पाय स्वस्थ राहायचे नाहीत, आणि बर्फ चघळण्याची अशी अनावर इच्छा व्हायची की मी मुद्दाम उठून बर्फाचा ट्रे काढत असे. हे लोह कमी झाल्याचे लक्षण असू शकते, हे मला पुष्कळ नंतर समजले. रक्त तपासले की हिमोग्लोबिन कमी निघायचे, लोहाच्या गोळ्या सुरू व्हायच्या, आकडा थोडा वर सरकायचा आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा खाली यायचा. ‘पालेभाज्या खा’ हा सल्ला मी असंख्य वेळा ऐकला आणि पाळलाही. शेवटी एका डॉक्टरांनी हा प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला: एवढे लोह पोटात जात आहे, तर ते कुठे जाते? एक तर ते रक्तस्रावातून बाहेर जात असेल, नाहीतर आत शोषलेच जात नसेल. रक्तस्राव कुठेच सापडला नाही. मग सीलिॲकची रक्तचाचणी झाली, पाठोपाठ दुर्बिणीतून आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासले गेले, आणि ते उंचवटे जवळजवळ सपाट झालेले दिसले.

लोह, फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व) आणि कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होते, आणि सीलिॲकचा घाव सर्वांत जास्त तिथेच बसतो. त्यामुळे माझ्याकडे लोहाबरोबर फोलेटही कमी होते, ड जीवनसत्त्व कमी होते आणि हाडांची घनताही वयाच्या मानाने कमी निघाली. काहींना बी-१२ची कमतरताही होते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर हातापायांना मुंग्या येण्यापासून चालताना तोल जाण्यापर्यंत मज्जातंतूंचे नुकसान होऊ शकते. दुधातील साखर पचवणारे विकर त्या उंचवट्यांच्या टोकांवर असते, म्हणून सुरुवातीला अनेकांना दूधही सोसत नाही. आतडे भरून आले की बहुतेकांना ते पुन्हा चालू लागते. हा सगळा हिशेब शरीरात वर्षानुवर्षे मुकाट्याने चालू असतो. साठवणीतले लोह, जे फेरिटिनच्या चाचणीत दिसते, ते आधी संपते. हिमोग्लोबिन त्यानंतर घसरते, आणि माणसाला थकवा जाणवतो तो बहुधा त्याहून उशिरा. म्हणून ‘मागच्या वेळी खाल्लेस, तेव्हा काही झाले नाही ना?’ या प्रश्नाला त्या दिवशी, त्या आठवड्यात किंवा त्या महिन्यातही मी प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर रक्ताच्या अहवालात येते, आणि तेही उशिरा.

आता ‘एवढेसे’ म्हणजे नेमके किती, ते सांगते. सीलिॲकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने देऊन केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, आणि तेवढ्यानेही आतड्याला इजा होते, असे त्यात दिसले. पावाच्या एका कापात साधारण दोन ग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लुटेन असते. म्हणजे त्या कापाचे चाळीस भाग केले, तर त्यातला एक भाग रोज पोटात जाणे पुरेसे आहे. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापण्यासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने घातलेली मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. अशा मर्यादेतले अर्धा किलो अन्न दिवसभरात खाल्ले, तरी जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जाते, आणि बहुतेक रुग्णांना ते सोसते. हा आकडा मला फार दिलासा देतो, कारण त्यामुळे जगणे शक्य होते. संपूर्ण शून्याचा ध्यास घेतला, तर जेवण ही केवळ भीतीची गोष्ट होऊन बसते.

त्या चाळिसाव्या भागाचे रूप पाहायचे असेल, तर कोणाच्याही घरातली जॅमची बाटली उघडून पाहावी. सुरी पावावरून फिरते, पुन्हा बाटलीत जाते, आणि काचेच्या कडेला, जॅमच्या लाल पृष्ठभागावर, बारीक तपकिरी कण अडकलेले दिसतात. जॅममध्ये गहू नसतो, पण ती बाटली माझ्यासाठी संपलेली असते. म्हणून आमच्या घरी माझी बाटली वेगळी असते, तिच्या झाकणावर खूण असते, आणि गाळणे, लाकडी डाव व टोस्टर या सहज स्वच्छ न होणाऱ्या वस्तूही वेगळ्या असतात. स्टीलची आणि काचेची भांडी साबणाने नीट धुतली की पुरते. उकळण्याने किंवा तळण्याने ग्लुटेन नष्ट होत नाही, कारण ते जंतू नव्हेत. त्याच कारणाने हातांना जंतुनाशक चोळूनही ते जात नाही, हात धुवावेच लागतात.

तुमच्याकडे जेवायला येताना मी फार काही मागत नाही. वापरलेल्या पदार्थांची पाकिटे टाकून न देता बाजूला ठेवावीत, म्हणजे मला ती वाचता येतील. सोया सॉस, तयार सूप, मसाल्यांची मिश्रणे यांत गव्हाचे पीठ घट्टपणासाठी किंवा भरीसाठी घातलेले असू शकते. माझे आधी वाढावे, स्वच्छ डावाने. आणि शंका असेल, तर ‘बहुतेक नसेल’ असे न म्हणता ‘ठाऊक नाही’ असे सांगावे. ‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्या यजमानावर माझा सर्वांत जास्त विश्वास बसतो.

गहू सोडला की प्रकृती आपोआप सुधारते, असे समजणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार पदार्थांत पुष्कळदा नुसता स्टार्च, साखर आणि चरबी असते. तंतू कमी असतात, आणि अनेक देशांत गव्हाच्या पिठात मिसळले जाणारे लोह व फोलेट त्यांत बहुधा नसते. म्हणजे आतडे भरून येत असतानाही आहारातून नव्या कमतरता शिरू शकतात. मी डाळी, भाज्या, फळे, अंडी आणि मुळातच ग्लुटेन नसलेली धान्ये यांवर भर देते. लोहाची गोळी चहा-कॉफी किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेत नाही, कारण त्यांनी लोहाचे शोषण कमी होते. आणि ठरलेल्या अंतराने रक्त तपासून घेते. पथ्य सुरू झाल्यावर त्याच जुन्या गोळ्या लागू पडू लागल्या. हिमोग्लोबिन आधी सावरले, फेरिटिनला बराच अधिक काळ लागला, आणि बर्फाची ती ओढ कधी थांबली, हे माझ्या लक्षातही आले नाही.

ज्यांना गहू खाल्ल्यावर पोट फुगते, पण ज्यांच्या सीलिॲकच्या आणि ॲलर्जीच्या चाचण्या निर्दोष येतात, अशीही माणसे असतात, आणि त्यांचा त्रास खोटा नसतो. त्यांतील काहींच्या बाबतीत दोष ग्लुटेनचा नसून गव्हातील फ्रुक्टॅन या कर्बोदकांचा असू शकतो. तीच कर्बोदके कांद्या-लसणातही असतात. अशा व्यक्तीला एखादा घास खरोखरच चालू शकतो, मला नाही. म्हणूनच नेमके काय आहे, हे कळणे महत्त्वाचे आहे. त्यासाठी बाजारात मिळणाऱ्या, आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत; त्या चाचण्या बहुधा आपण काय खाल्ले आहे एवढेच दाखवतात, काय बाधते ते नव्हे. आणि सीलिॲकची चाचणी होण्यापूर्वी गहू बंद करू नये. गहू सोडला की प्रतिपिंडे उतरतात, आतडे सुधारू लागते, आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

‘एवढ्याशाने काय होते?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांत माझी सख्खी भावंडेही होती, म्हणून त्यांच्यासाठीचे उत्तर वेगळे द्यावे लागले. सीलिॲक असलेल्या माणसाच्या आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक एवढी असते, आणि लक्षणे नसली तरी तो असू शकतो. माझ्या बहिणीने कुरकुरत का होईना, चाचणी करून घेतली. तिची रक्तचाचणी निर्दोष आली, पण या आजाराशी निगडित असलेले एक जनुक तिच्यात सापडले. असे जनुक लोकसंख्येतल्या तीस-चाळीस टक्के लोकांमध्ये असते आणि त्यांतील बहुतेकांना आजार कधीच होत नाही. म्हणून ती गहू नेहमीसारखा खाते आणि काही वर्षांनी रक्त पुन्हा तपासून घेणार आहे. भावामध्ये ते जनुक नाही, त्यामुळे त्याला सीलिॲक होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, आणि त्याला पुन्हा चाचणी करण्याची गरज डॉक्टरांना वाटली नाही.