आमची वाटचाल: महिन्याच्या पत्रकासोबत

१९८६ साली कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका गाळ्यात आम्ही दोघा भागीदारांनी संगणक जोडून विकायचा आणि दुरुस्त करायचा धंदा सुरू केला. आज तीन जिल्ह्यांत आमची कार्यालयं आहेत. तेव्हा आम्ही जे विकत होतो त्यातलं आता काहीही बाजारात मिळत नाही. उद्योजकांच्या बैठकीत बोलायला उभं राहिलं की लोक उलाढाल विचारतात, पहिलं कर्ज कुठून काढलं ते विचारतात. त्याची उत्तरं मी देतो. पण आमच्यासारखी छोटी कंपनी इतकी वर्षं कशाच्या जोरावर टिकली, असं मनापासून विचारलं तर मी आमच्या कर्मचारी पत्रकाकडे बोट दाखवतो. दुसऱ्या वर्षापासून आजपर्यंत ते चालू आहे.

आधी तो काळ थोडक्यात सांगतो. आयबीएम ही अमेरिकन संगणक कंपनी १९७८ मध्ये भारतातून निघून गेली होती. १९८४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारचं नवं संगणक धोरण आलं, आयातीवरची बंधनं सैल झाली आणि सुटे भाग आणून संगणक जोडणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं. भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळायचे. आमच्यापैकी कुणीतरी महालक्ष्मी एक्सप्रेसने जाऊन ते मांडीवर घेऊन यायचं. ६४० केबी मेमरी, २० एमबीची हार्ड डिस्क, ३६० केबीच्या लवचिक फ्लॉपी आणि हिरव्या अक्षरांचा पडदा, असं ते यंत्र. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, दूध संघ आणि साखर कारखाने. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं आणि हंगामात उसाचं बिल पंधरवड्याला. मशीन बंद पडून बिल अडलं की शेतकरी संस्थेच्या दारात येऊन उभा राहतो. त्यामुळे दुरुस्तीला 'उद्या येतो' म्हणायची सोयच नव्हती.

आमची पोरं एसटीने फिरायची. पिशवीत दोन-तीन कार्डं, एक मल्टिमीटर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर. कुणी शिरोळकडे, कुणी गडहिंग्लजला, कुणी घाट उतरून खाली कोकणात. ट्रंक कॉल, म्हणजे एक्सचेंजमार्फत जोडलेला बाहेरगावचा फोन, लागला तर नशीब. एकाला एका ठिकाणी जे कळायचं ते दुसऱ्यापर्यंत पोचायला आठवडे लागायचे, कारण सगळे एकत्र भेटायचे ते फक्त पगाराच्या दिवशी.

पत्रकाची गरज पटली ती एका दूध संस्थेमुळे. तिथलं मशीन उन्हाळ्यात रोज अडकायचं. मदरबोर्ड बदलला, पॉवर सप्लाय बदलला, तरी तेच. शेवटी आमच्या एका अभियंत्याने प्लगच्या न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजला. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवा. तिथे तो कितीतरी वर गेला होता. अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात होता आणि उन्हाने तो पार वाळून गेला होता. त्याने खड्डा उकरून घेतला, मीठ आणि लोणारी कोळसा थराथराने पुन्हा भरला, पाइपाच्या तोंडाला नरसाळं बसवलं आणि रोज सकाळी त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम तिथल्या शिपायाला नेमून दिलं. मशीन अडकायचं थांबलं. त्याच उन्हाळ्यात आमची दुसरी मुलं इतर गावांत याच दुखण्यावर चांगले बोर्ड बदलत बसली होती. त्या अभियंत्याला मी सांगितलं, 'हे असंच्या असं लिहून दे, मराठीत, बोलतोस तसं.' पहिल्या अंकाचं पहिलं पान ते.

तो अंक सायक्लोस्टाईलवर काढला. ज्यांनी ते काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मराठी टंकलेखन यंत्राची फीत बाजूला करायची, म्हणजे खिळा शाई न लावता थेट मेणकागदावर आपटतो आणि अक्षराच्या आकाराची फट पडते. खिळा जोरात बसला तर 'ठ', 'थ' यांसारख्या अक्षरांच्या मधला गोल निघूनच जायचा आणि छपाईत तिथे काळा ठिपका यायचा. चूक झाली की तिच्यावर गुलाबी द्रव लावायचा, फुंकर घालून वाळवायचा आणि पुन्हा टंकायचं. आकृती काढायची तर खाली पाटी धरून टोकदार लेखणीने कोरायची. तो अर्थिंगचा खड्डा असाच कोरलेला आहे, थरांसकट. मग हा मेणकागद, म्हणजे स्टेन्सिल, गेस्टेटनर या छपाईयंत्राच्या रोळावर चढवायचं, नळीतली शाई घालायची आणि हँडल फिरवायचं. आमच्या टंकलेखिका बाई या कामात इतक्या तरबेज होत्या की त्यांच्या स्टेन्सिलवर गुलाबी डाग क्वचितच दिसायचा. प्रत्येक अंकाच्या तळाशी 'टंकलेखन' म्हणून त्यांचं नाव असे आणि हँडल फिरवणाऱ्या ऑफिसबॉयचंही.

नावं छापण्याबाबत मी पहिल्यापासून हट्टी आहे. ज्याने लिहिलं त्याचं नाव, गाव आणि तारीख हवीच. गिऱ्हाइकाचं नाव मात्र कधीच छापायचं नाही, 'एक दूध संस्था', 'एक कारखाना' एवढंच. एका कारखान्यातले फ्लॉपी ड्राइव्ह सारखे बिघडायचे ते हवेतल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, धुळीने, हे एका मुलाने शोधलं. स्पिरिटने हेड साफ करायची रीत आणि ड्राइव्हच्या तोंडाला लावायचा फ्लॅनेलचा पडदा, दोन्ही त्याने आकृतीसह लिहिलं. पुढे कुठेही गेलो की तिथली मुलं तो पडदा दाखवायची. त्या मुलाचं शिक्षण आयटीआयपर्यंतचं, पण त्याचं नाव आमच्याकडच्या पदवीधरांना पाठ होतं.

मागच्या पानावर बारसं, लग्न, मुलांचे दहावीचे गुण, दसऱ्याला कुणी कुठल्या यंत्रांची पूजा मांडली हे सगळं यायचं. मधल्या पानावर मी आणि माझा भागीदार महिन्याचा हिशेब द्यायचो: विक्री किती, येणं किती थकलं, कर्जाचा हप्ता गेला की नाही. आमच्या सीएंना ते पसंत नव्हतं. मला आजही ते योग्य वाटतं. वसुली रखडली आहे हे ज्याला माहीत आहे तो अभियंता दुरुस्ती झाल्यावर संस्थेच्या सचिवाकडे चेकची आठवण काढूनच उठतो.

संगणक कंपन्यांची अशी पत्रकं काढायची परंपरा किती जुनी आहे, ते मला पुढे वाचनातून कळलं. आयबीएमचं 'थिंक' हे मासिक १९३५ सालचं. हेन्री फोर्डसारख्यांच्या अवाढव्य कारखान्यांचा तो काळ, आणि आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन तेव्हा कार्डं छिद्रित करणारी यंत्रं विकत होते. पालो अल्टोतल्या गॅरेजमध्ये १९३९ साली सुरू झालेल्या ह्यूलेट-पॅकार्डने १९६३ पासून 'मेझर' काढलं. लंडनची जे. लायन्स ही तर चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणारी कंपनी. तिने स्वतःच्या हिशेबासाठी 'लिओ' हा संगणक बांधला आणि १९५१ मध्ये त्यावर बेकरीचे हिशेब सुरूही केले. त्या कंपनीतही 'लायन्स मेल' हे कर्मचाऱ्यांचं मासिक होतं. या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती लायन्स. पावाचा, केकचा हिशेब वेळेवर लागावा म्हणून संगणक बांधणारी माणसं आणि दुधाचं बिल वेळेवर निघावं म्हणून घाट उतरणारी आमची पोरं यांचं काम एकच, असं मी मानतो.

एक गोष्ट मला बरीच वर्षं सलत होती. आम्ही संगणक विकत होतो, पण आमचं पत्रक टंकलेखन यंत्रावर निघत होतं, कारण संगणकावर मराठी उमटत नव्हती. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने हाती घेतलं आणि जिस्ट कार्ड बाजारात आलं. ते संगणकात बसवलं की डॉसवर चालणाऱ्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसायची. आमच्याकडे पहिलं कार्ड आलं तेव्हा मी ते गिऱ्हाइकाला न देता पत्रकासाठी ठेवून घेतलं. अडचणी होत्याच. बाईंचा हात टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर बसलेला, आणि कार्डासोबत आला इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीचा वेगळ्या मांडणीचा कळफलक. नऊ सुयांच्या प्रिंटरवर जोडाक्षरं गिचमिड व्हायची, चोवीस सुयांच्या प्रिंटरवर ती वाचण्याजोगी आली. 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'तऱ्हा' यांतला आडवा र नीट उमटतोय का, हे बाई प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत आधी टाइप करून बघायच्या. तो चुकीचा आला तर त्या अंक अडवून धरायच्या, आणि तो अधिकार त्यांचाच होता.

नव्वदच्या दशकात लेझर प्रिंटर आला, पानं मांडायचं पेजमेकर आलं, मराठी फॉन्टची सॉफ्टवेअर आली. अंक देखणा झाला. याच काळात सहकारी बँकांचं संगणकीकरण जोरात सुरू झालं आणि आमचा पसारा वाढला. सांगली आणि रत्नागिरीला कार्यालयं उघडली, पत्रकाचे गठ्ठे एसटी पार्सलने जाऊ लागले.

१९९९ साल वेगळं होतं. गावोगावच्या संस्थांचे आमचे प्रोग्रॅम डीबेस आणि फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमधले, आणि साल बहुतेक ठिकाणी दोन आकडी, म्हणजे २००० साल नुसतं '००'. मुदत ठेवींची मुदत २००० च्या पुढची, तर व्याज उलटं निघायचं. त्या वर्षी पत्रक पंधरवड्याला काढलं. साल चार आकडी करणारी 'सेट सेंच्युरी ऑन' ही आज्ञा कुठे कुठे घालायची, आधीच्या नोंदींतल्या तारखा कशा दुरुस्त करायच्या, जुन्या मदरबोर्डवर ३१ डिसेंबरनंतर घड्याळ थेट १९८० वर कसं जातं आणि ते हाताने कसं लावायचं, हे सगळं त्यात आलं. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी प्रत्येक तालुक्याला आमचा एक माणूस हजर होता, आणि प्रत्येकाच्या पिशवीत त्या अंकांचा संच होता.

आता फार कळकळीने सांगायची गोष्ट. आमचे स्टेन्सिलवरचे अंक आजही वाचता येतात, कागद पिवळा पडला आहे एवढंच. पण नव्वदच्या दशकातले जे अंक फक्त फाइल म्हणून उरले, त्यांतले कित्येक आज उघडले तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता सडा दिसतो. त्या फॉन्टमध्ये 'क'च्या जागी एक आकडा, मात्रेच्या जागी दुसरा, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांसाठी अक्षरांचे आकडे एकच ठरवणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या गावातल्या संगणकांवर ती सहज चालू लागली ती विंडोज एक्सपीच्या जमान्यात. आम्ही २००५ नंतर युनिकोडवर आलो आणि आधीच्या फाइल रूपांतर करून घेण्याचं काम अजून चालू आहे. रूपांतर करणारा प्रोग्रॅम रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडून टाकतो, म्हणून प्रत्येक पान माणसाने वाचावंच लागतं. निवृत्त झालेल्या आमच्या टंकलेखिका बाई आठवड्यातून दोन दुपारी येऊन हे वाचन करतात. त्याचं मानधन त्या घेतात, आणि ते घ्यायलाच हवं असा माझाच आग्रह आहे.

व्हॉट्सॲप आल्यावर पत्रक बंद करावं, असं तरुण मुलांचं म्हणणं पडलं. बिघाडाचा फोटो टाकला की पाच मिनिटांत उत्तर येतं, हे खरंच आहे आणि आमचा ग्रुप दिवसभर वाजत असतो. पण तिथलं उत्तर महिन्याने शोधायला गेलं तर सापडत नाही. तेव्हा आता असं ठरलं आहे: महिनाभर ग्रुपवर जे सुटलं त्यातलं टिकाऊ तेवढं निवडून, ज्याचं त्याच्याकडून नीट लिहून घेऊन अंकात घालायचं. अंक पीडीएफ निघतो आणि प्रत्येक कार्यालयात एक छापील प्रत दोरी लावून टांगलेली असते. संपादक दर वर्षी बदलतो. यंदा ही जबाबदारी रत्नागिरीच्या सर्व्हिस विभागातल्या मुलीकडे आहे. खाऱ्या हवेने यूपीएसच्या टर्मिनलवर चढणारा गंज आणि नेटवर्कच्या वायरींचे कुजणारे सांधे यांवर तिने लेखमाला सुरू केली आहे, आणि पुढच्या अंकात ग्रीस कुठलं वापरायचं ते येणार आहे.