क्रॉनची कामं थांबवणारी छोटी स्क्रिप्ट

एका घाऊक व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या मोठ्या टेबलची रचना बदलायची होती. त्यासाठी पहाटे साडेपाच ते साडेसहा क्रॉनची (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) सगळी कामं थांबायला हवी होती: दर पाच मिनिटांनी ऑर्डर ओढणारं, सहाला बिलं पाठवणारं, शिवाय पहाटेचा बॅकअप. तिथली जुनी रीत म्हणजे क्रॉनटॅब, म्हणजे या कामांची यादी, उघडायचा आणि ओळीओळीपुढे हॅश टाकून ती ओळ बंद करायची. ही रीत बंदच व्हायला हवी. कमांडमध्ये क्रॉनटॅब उघडणारा 'ई' आणि सगळा क्रॉनटॅब न विचारता पुसणारा 'आर' कीबोर्डवर शेजारीशेजारी आहेत. शिवाय हॅश टाकला तरी आधीच सुरू झालेलं काम चालूच राहतं.

म्हणून प्रत्येक काम एका रॅपरमधून, म्हणजे कामाभोवती गुंडाळलेल्या छोट्या स्क्रिप्टमधून, चालवलं. रॅपर फ्लॉक या कमांडने सामायिक कुलूप (एकाच वेळी अनेकांना घेता येणारं) घेतो, मग 'थांबा'ची फाइल आहे का पाहतो, असली तर लॉगमध्ये नोंद करून बाहेर पडतो. क्रम हाच हवा. आधी फाइल पाहिली आणि नंतर कुलूप घेतलं, तर त्या दोहोंच्या मधल्या क्षणी 'थांबा' दिला तरी काम नंतर खुशाल सुरू होतं. थांबवणारी स्क्रिप्ट आधी फाइल ठेवते, मग त्याच कुलपावर एकहाती ताबा मागते. ताबा मिळाला की आत कुणी उरलेलं नाही. फाइल 'रन' या फोल्डरमध्ये ठेवू नये, ती जागा मेमरीतली असते, रीबूट झाला की फाइल गायब. 'व्हार'मधल्या 'लिब'मध्ये ठेवावी.

त्या पहाटे सहाशे सेकंद थांबूनही ताबा मिळेना. कुलूप कुणी धरलंय ते दाखवणाऱ्या एलएसलॉक्सने प्रोसेसचा नंबर दिला: ऑर्डर ओढणारी स्क्रिप्ट कर्लमध्ये (नेटवरून डेटा आणणारा प्रोग्राम) अडकून बसली होती. कर्लला कमाल वेळ सांगितली नाही, तर जोडणी झाल्यावर तो उत्तराची वाट कितीही वेळ पाहतो. सोबतचा सहकारी म्हणाला, स्टॉप सिग्नल देऊन टाक. प्रोसेस गोठते हे खरं, पण डेटाबेसमधलं तिचं उघडं ट्रान्झॅक्शन (अजून पक्का न झालेला बदल) तसंच राहतं, टेबलवरची कुलपं सुटत नाहीत आणि आपला बदल त्यांच्याच मागे रांगेत उभा राहतो. म्हणून प्रोसेस बंद करणारा टर्म सिग्नल दिला, ट्रान्झॅक्शन मागे फिरलं, ताबा मिळाला. कर्लला आता तीस सेकंदांची मर्यादा आहे.

पुन्हा सुरू करताना वेगळीच काळजी. चुकलेली वेळ क्रॉन भरून काढत नाही. ऑर्डरच्या कामाला फरक पडत नाही, पुढच्या फेरीत सगळं येतं, पण सहाची बिलं त्या दिवशी गेलीच नसती. म्हणून रॅपर वगळलेल्या कामाचं नाव एका यादीत लिहितो, आणि सुरू करताना यादीतलं प्रत्येक काम एकदाच, एकामागून एक चालतं. सगळी एकदम सोडली तर डेटाबेसच्या जोडण्या संपतात.

मुदतीचा प्रश्न मात्र अजून मनातून जात नाही. ठरलेली वेळ संपली की कामं आपोआप सुरू व्हावीत का? टेबलचा बदल लांबला तर ती अर्धवट रचनेवर जाऊन आदळतील. आणि आपोआप सुरू झाली नाहीत, तर 'थांबा' विसरला जाईल आणि बॅकअप होतच नाहीये हे कुणाच्या लक्षात येणार नाही. बॅकअपला सूटही देता येत नाही, कारण बॅकअप घेणारा पीजी-डंप टेबलवर जे कुलूप धरतो त्याने रचनेतला बदल अडतो. सध्या फाइलमध्ये कुणी, कशासाठी आणि कधीपर्यंत थांबवलं ते लिहिल्याशिवाय स्क्रिप्ट पुढे जात नाही. मुदत संपली तरी ती स्वतःहून काही सुरू करत नाही, दर पंधरा मिनिटांनी त्या नावाच्या माणसाला मेसेज पाठवते. तो माणूस रजेवर असेल तर कुणाला पाठवायचा, हे व्यापाऱ्याकडून अजून ठरवून घ्यायचं आहे.