तुम्ही विचारलंत म्हणून: माझा आवडता ड्रमर

मी ड्रम्स शिकवतो हे कळलं की लोक हमखास विचारतात, "तुमचा आवडता ड्रमर कोण?" मी अमेरिकन जॅझ ड्रमर बिली हिगिन्सचं नाव घेतो. बहुतेकांना ते नवीन असतं, म्हणून लगेच दुसरा प्रश्न येतो: "त्याचा गाजलेला सोलो कोणता?" तिथे माझं उत्तर लांबत जातं. हिगिन्सची थोरवी सोलोत शोधायला गेलात तर हाती थोडंच लागेल. ती शोधायची दुसऱ्यांच्या रेकॉर्ड्सवर, दुसऱ्यांच्या सोलोंच्या मागे. म्हणून एकदा सविस्तरच लिहितो.

हिगिन्स १९३६ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मला आणि २००१ साली गेला. या काळात त्याने ७०० हून अधिक रेकॉर्डिंग्जवर वाजवलं. स्वतःच्या नावाचे अल्बम मात्र मोजके, तेही चाळिशी ओलांडल्यानंतरचे. म्हणजे जन्मभर तो दुसऱ्याच्या बोलावण्यावरून स्टुडिओत गेला, दुसऱ्याने बांधलेलं संगीत थोडक्या तालमीत आपलंसं केलं, ठरलेले पैसे घेतले आणि पुढच्या कामाला लागला. सेशन ड्रमरचं आयुष्य ते हेच. अमेरिकेत वादकांच्या युनियनने सेशनचे दर बांधून दिलेले असत. तीन तासांचं एक सेशन हा नेहमीचा हिशेब. पुढे ती रेकॉर्ड कितीही खपो, धून रचणाऱ्याला रॉयल्टी मिळत राही, ड्रमरचा व्यवहार त्या दिवशीच पुरा झालेला असे. त्यामुळे या कामात नाव होण्यापेक्षा पुन्हा बोलावणं येणं महत्त्वाचं. २७ ऑगस्ट १९६२ रोजी सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनने 'गो' हा अल्बम रेकॉर्ड केला. पियानोवर सोनी क्लार्क, बेसवर बुच वॉरन, ड्रम्सवर हिगिन्स. दोनच दिवसांनी हेच चौघे पुढच्या अल्बमसाठी पुन्हा स्टुडिओत होते.

त्याला एवढी बोलावणी का येत? माझ्या मते याचं मोठं कारण त्याच्या उजव्या हातात आहे. १९४० च्या आसपास ड्रमर केनी क्लार्क आणि त्याच्या पिढीने जॅझची लय बेस ड्रमवरून (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवरून) उचलून राइड सिंबलवर, म्हणजे काठीने वाजवायच्या मोठ्या झांजेवर नेली. तेव्हापासून सिंबलवरचं ते 'टिंग, टिंग-ट-टिंग' हाच ड्रमरचा ठेका झाला आणि बाकीचे हातपाय बोलायला मोकळे झाले. तबल्याच्या साथीत ठेका कसा भरलेला आहे यावर जाणकार साथीदार ओळखतात, तसंच इथे राइडवरून ड्रमर ओळखावा. हिगिन्सचा राइड रुंद आणि हलका आहे, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो तरी साखळी कुठे तुटत नाही. विद्यार्थ्यांना मी त्याची रेकॉर्ड लावून देतो आणि फक्त उजवा हात ऐकायला सांगतो. काही जण कंटाळतात. पण ज्यांचे कान तिथे एकदा लागले, त्यांचं स्वतःचं वाजवणं काही आठवड्यांत बदलतं.

दुसरं कारण आवाजाचं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीचे अल्बम न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत होत. १९५९ पासून हा स्टुडिओ एंगलवुड क्लिफ्स गावी होता. सगळे वादक एकाच वेळी वाजवत आणि ते थेट दोन ट्रॅकवर उतरे. ड्रम्स तेवढे मागाहून वेगळे काढून हळू करण्याची सोय नव्हती. ड्रमर जोरात वाजवायला लागला की तो सॅक्सोफोनच्या मायक्रोफोनमध्ये शिरे, पियानोच्याही शिरे, आणि बेस तर ऐकूच येत नसे. हिगिन्स हलक्या आवाजात वाजवी आणि तरीही सगळा संच पुढे रेटला जाई. जोर न लावता जोम ठेवणं ही ड्रम्सवरची सर्वांत अवघड गोष्ट आहे असं मी मनापासून मानतो. वेग वर्षभराच्या रियाजाने वाढतो. याला त्याहून बराच काळ लागतो.

आणि त्याचा आवाका! मे १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने 'द शेप ऑफ जॅझ टु कम' रेकॉर्ड केला. संचात पियानो नाही, सोलोला ठरलेल्या कॉर्ड्सचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांचा) आधार नाही. त्यातल्या 'लोनली वुमन'मध्ये सॅक्सोफोन आणि कॉर्नेट ही दोन्ही फुंकवाद्यं धून संथ, जवळजवळ तालाबाहेर वाजवतात आणि खाली हिगिन्सचा राइड भरधाव जात असतो. वरचं आणि खालचं कुठेही एकमेकांशी बांधलेलं वाटत नाही, तरी काहीही सुटत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात हा संच न्यू यॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबात वाजवायला लागला आणि जॅझच्या दुनियेत सरळ दोन तट पडले. याला संगीत म्हणायचं का, अशी हुज्जत चालली होती.

आता चार वर्षं पुढे या. डिसेंबर १९६३, ट्रंपेटवादक ली मॉर्गनचा 'द सायडवाइंडर'. २४ बारचा (तालाच्या २४ खंडांचा) ब्लूज, नाचायला लावणारी चाल. अल्बम लोकप्रिय संगीताच्या यादीत शिरला, जे जॅझला क्वचितच साधतं. ड्रम्सवर तोच माणूस! पोरवयात त्याने एमॉस मिलबर्न आणि बो डिडली यांच्यासारख्यांबरोबर ऱ्हिदम अँड ब्लूज वाजवलेलं होतं, ते इथे कामी आलं. पण तो ठेका निव्वळ ऱ्हिदम अँड ब्लूजचाही नाही, त्यात जॅझच्या स्विंगचा हेलकावा शिल्लक आहे. कोलमनला जे हवं होतं ते मॉर्गनला देऊन चाललं नसतं, आणि उलटही नाही. हिगिन्सने दोघांना ज्याचं त्याचं दिलं, तरी दोन्हीकडे तो ओळखू येतो. माझ्या आवडीचं खरं कारण हेच.

या कारकिर्दीची एक कडू बाजूही सांगायला हवी. न्यू यॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं कॅबरे कार्ड लागे. १९६७ पर्यंत ही पद्धत होती आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात सापडलेल्यांची कार्डं काढून घेतली जात. अनेक थोर वादकांची रोजीरोटी अशी बुडाली. हिगिन्सचंही कार्ड गेलं आणि कोलमनच्या संचातली त्याची जागा एड ब्लॅकवेलने घेतली. स्टुडिओला मात्र कार्ड लागत नसे. १९६१ पासून त्याने वाजवलेल्या अल्बमांची रांग पाहताना मला हे नेहमी आठवतं. शिक्षा द्यायची म्हणून माणसाचं काम काढून घ्यावं, ही रीत मला आजही संतापजनक वाटते.

पुढची वर्षं सीडर वॉल्टनच्या पियानोबरोबरची, फार सुंदर. १९८९ मध्ये हिगिन्सने कवी कामाउ दाऊद यांच्यासोबत लॉस एंजेलिसच्या लाइमर्ट पार्क भागात 'वर्ल्ड स्टेज' हे कलाकेंद्र सुरू केलं आणि तिथे तो पोरांना शिकवू लागला. १९९६ मध्ये यकृताचं प्रत्यारोपण झालं, त्यानंतरही तो वाजवायला परतला. जानेवारी २००१ मध्ये सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइडच्या घरी दोघांनीच बसून रेकॉर्डिंग केलं. त्यात हिगिन्स गिटार वाजवतो, गातोही. मे महिन्यात तो गेला.

ऐकायला कुठून लागावं, हा शेवटचा प्रश्न. 'गो'पासून लागा. पहिल्या खेपेला फक्त राइड, दुसऱ्या खेपेला स्नेअरवरचा (समोरच्या खणखणीत छोट्या ड्रमवरचा) डावा हात सॅक्सोफोनच्या वाक्यांना कुठे उत्तर देतो ते. मग 'लोनली वुमन', मग 'द सायडवाइंडर'. आणि कान तयार झाल्यावर कोलमनचा डिसेंबर १९६० चा 'फ्री जॅझ': दोन संच एकाच वेळी, सलग सदतीस मिनिटं. हेडफोन नीट लावा. डाव्या कानात हिगिन्स आहे, उजव्या कानात ब्लॅकवेल. दोघांचे हात कुठे वेगळे पडतात ते पुढच्या भेटीत मला सांगा.