सर्व्हर निवडण्याआधी: प्रथिनाच्या संरचनेचा अंदाज कुठे करून घ्यायचा?

प्रथिन युनिप्रॉटमध्ये (प्रथिनांच्या सीक्वेन्सचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमांचा, डेटाबेस) असेल तर नवा जॉब टाकण्याची घाई नको. आधी पीडीबीत, म्हणजे प्रथिनांच्या संरचनांच्या संग्रहात, प्रयोगातून मिळालेली संरचना आहे का ते बघा, मग अल्फाफोल्ड या एआयने वर्तवलेल्या संरचनांचा अल्फाफोल्ड डेटाबेस. तिथे २०२२ पासून २० कोटींहून जास्त मॉडेल्स तयार पडून आहेत. अर्धं काम बहुधा इथेच संपतं.

नाही मिळालं, तर सीक्वेन्स साफ करा. जनुकावरून भाषांतर केलेल्या सीक्वेन्सच्या शेपटाला राहिलेला तारा काढा, नाहीतर बरेच सर्व्हर जॉब नाकारतात. प्रथिन पेशीबाहेर जाणारं असेल तर सिग्नल पेप्टाइडही (प्रथिनाला बाहेरची वाट दाखवणारा सुरुवातीचा तुकडा) कापा. ते परिपक्व प्रथिनात नसतंच.

पीडीबीत ३० टक्क्यांहून बरंच जास्त साम्य असलेलं टेम्प्लेट, म्हणजे साचा म्हणून वापरता येईल अशी संरचना, सापडलं, तर स्विस-मॉडेल (अशा साच्यावरून मॉडेल बांधणारा सर्व्हर) आजही उत्तम. टेम्प्लेटमधला धातूचा आयन, कोफॅक्टर (प्रथिनाला कामात मदत करणारा रेणू), साखळ्यांची जोडणी हे जमेल तिथे मॉडेलमध्ये येतं. साम्य ३० टक्क्यांखाली गेलं की अलाइनमेंट, म्हणजे सीक्वेन्सची एकमेकांशी जुळणी, हीच सरकते आणि तिथली चूक पुढे कशानेही दुरुस्त होत नाही.

एरवी कोलॅबफोल्ड, म्हणजे गूगल कोलॅबवर ब्राउझरमधून अल्फाफोल्ड चालवण्याची सोय. एकापेक्षा जास्त साखळ्या असतील तर मध्ये विसर्गासारखं चिन्ह, म्हणजे कोलन, टाका. फुकटच्या टी४ जीपीयूवर साधारण २००० अमिनो आम्लांपर्यंत मजल जाते; पुढे मेमरी संपते. सेशन तुटण्याआधी झिप फाइल उतरवून घ्या. डीएनए, आरएनए किंवा आयन सोबत हवे असतील तर अल्फाफोल्ड सर्व्हर. मात्र तो व्यावसायिक कामासाठी नाही, आणि त्याचं मॉडेल डॉकिंगला (औषधासारखा रेणू प्रथिनात कुठे, कसा बसेल ते पाहायला) वापरायला अटींमध्ये मनाई आहे. पुष्कळ विद्यार्थी नेमकं तेच करतात.

मिळालेल्या चित्राच्या रंगांवर भाळू नका. पीएलडीडीटी (मॉडेलच्या प्रत्येक जागेवरच्या भरवशाचा ० ते १०० मधला आकडा) ९० च्या वर असेल तर उत्तम, ७० च्या वर असेल तर कण्याची ठेवण विश्वासार्ह. ५० च्या खालचा शेवयांसारखा भाग बहुधा खरोखरच अस्ताव्यस्त असतो, त्याला आकार शोधत बसू नये. पण हा आकडा फक्त स्थानिक आहे. दोन डोमेन्स (प्रथिनाचे स्वतंत्र घडी घेणारे भाग) प्रत्येकी ९० च्या वर असूनही त्यांची एकमेकांशी मांडणी निव्वळ योगायोगाची असू शकते. ते पीएईच्या (दोन जागांच्या परस्पर स्थानातली अपेक्षित चूक) नकाशात दिसतं: कर्णाबाहेरचे चौकोन २०-३० अँगस्ट्रॉमचे असतील, तर त्या दोन डोमेन्समधलं अंतर मोजून निष्कर्ष काढू नका. साखळ्यांच्या जोडणीसाठी आयपीटीएम (साखळ्यांच्या परस्पर मांडणीवरच्या भरवशाचा ० ते १ मधला आकडा) बघा, ०.८ च्या वर भरवसा, ०.६ च्या खाली बहुधा फसलेलं.

आकडे सगळीकडेच पडलेले असतील तर अलाइनमेंटची खोली, म्हणजे त्यात किती नातलग सीक्वेन्स आहेत ते, तपासा. तिशीच्या आत सीक्वेन्स सापडले असतील तर अल्फाफोल्डची अचूकता घसरते. सर्व्हर बदलून फारसा फरक पडत नाही; मोठ्या, मेटाजीनोमिक (माती, पाणी अशा नमुन्यांतल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएवरून बनवलेल्या) डेटाबेसमध्ये नातलग शोधणं जास्त कामाचं.

एका अमिनो आम्लाच्या उत्परिवर्तनाचा परिणाम पाहायला मात्र यातलं काहीच वापरू नका. सिकलसेलमधल्या बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधली एक साखळी) ग्लुटामिक आम्लाजागी व्हॅलिन घालून बघा, घडी जवळपास तीच येते. बिघाड घडीत नाहीच. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात, त्यात आहे.