आमची वाटचाल : लॉक, लिनक्स आणि अक्षरजुळणी

1998 साली सांगलीत दहा बाय बाराच्या गाळ्यात दोन कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर घेऊन आम्ही अक्षरजुळणीचं काम सुरू केलं. सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, गावोगावच्या कवींचे संग्रह. ट्रेसिंगवर प्रिंट काढायची आणि प्रेसला पोचवायची. मराठीसाठी एक सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. त्याचं लॉक, काडेपेटीएवढा ठोकळा, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं असे. ते काढलं की फॉन्टही गायब. पानं लावायचा प्रोग्रॅम पेजमेकर मात्र पहिली चार वर्षं कॉपी केलेला वापरला. तेव्हा गावात बहुतेक सगळे तसाच वापरत, पण म्हणून ते बरोबर होत नाही. पैसे जमल्यावर पहिल्यांदा तो रीतसर घेतला.

आमच्याकडचे ज्येष्ठ ऑपरेटर काका पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे. त्या सॉफ्टवेअरवर त्यांची भक्ती होती. कोणी फुकट मिळणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव काढलं की म्हणायचे, "ज्याला किंमत नाही, त्याची हमी कोण घेणार?" आणि 2006 मध्ये माझा भाचा इंजिनिअरिंगच्या सुट्टीत दुकानात आला, तो पोस्टानं मोफत आलेली उबुंटूची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या एका प्रकाराची, सीडी घेऊन. मी लिनक्स म्हटलं की तो लगेच अडवायचा, "मामा, ग्नू/लिनक्स म्हण." 1983 साली अमेरिकेतले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नूची, म्हणजे कोणीही वापरावी, बदलावी, वाटावी अशा मोकळ्या प्रणालीची, घोषणा केली; लिनक्ससोबत तिचेच भाग चालतात, म्हणून नाव घेताना ते काम विसरायचं नाही, हा त्याचा आग्रह. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर 2001 मध्ये लिनक्सला कॅन्सर म्हणाले होते, ते तर तो स्वतःला शिवी दिल्यासारखं सांगायचा. काकांकडेही उत्तर होतं. बिल गेट्स यांनी 1976 मध्येच कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहून विचारलं होतं, की व्यावसायिक दर्जाचं काम फुकटात कोणाला परवडेल? ते काकांनी कुठंतरी वाचलं होतं.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात मोकळीक आणि मोफत दोन्ही येतं, म्हणून तिकडे वर्षानुवर्षं खुलासे करावे लागले. आपल्याकडे मुक्त आणि फुकट हे दोन वेगळे शब्द आहेत. तरी आमच्या गाळ्यात सगळा वाद फुकटवरच चालायचा. भाच्याचं म्हणणं पैशांबद्दल नव्हतंच, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी दिवाळी अंकाची घाई असताना त्यानं एका मशीनवर स्क्रायबस हे पानं लावायचं मुक्त सॉफ्टवेअर टाकून कवितांची पानं लावली. 'कि'ची वेलांटी 'क'च्या मागे जाऊन बसली, जोडाक्षरं फुटली. तो म्हणाला, "बग नोंदवू, सुधारतील." प्रेसची गाडी संध्याकाळी येणार होती. काकांनी रात्री जागून सगळी पानं पेजमेकरमध्ये पुन्हा लावली. नंतर दोघं वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. स्क्रायबसला जोडाक्षरं धड जमू लागली ती 2017च्या सुमारास. म्हणजे भाच्याचा शब्द खरा ठरला, पण त्या गाडीची वेळ काकांनीच सांभाळली होती.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेची पातळी सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेली. गाळा पाण्याखाली गेला. बॅकअपच्या सीडी आणि हार्ड डिस्क घरी माडीवर होत्या, त्या वाचल्या. लॉक बुडालं. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, ती आवृत्ती बंद झाली, नवं घ्या. नव्यात जुन्या फाइली उघडतील का, यावर धड उत्तर नाही. लॉक नाही म्हणून फॉन्ट नाहीत, त्यामुळे उघडलेली प्रत्येक फाइल म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टिंबांची रांग. एकवीस वर्षांचा मजकूर, त्यात वारलेल्या कवींचे संग्रहही होते. मी जमिनीवर बसलो आणि मला पहिल्यांदा लख्ख दिसलं, की हा मजकूर आमचा नाही, गिऱ्हाइकांचा आहे, आणि तो मी एका ठोकळ्याच्या हवाली केला होता. एक सॉफ्टवेअर चांगलं की दुसरं, यावर आम्ही इतकी वर्षं भांडलो. फाइल उद्या कोण उघडू शकेल, हे एकदाही विचारलं नाही.

भाचा पुण्याहून आला. काका आपलं रजिस्टर घेऊन आले. कुठल्या कीवर अर्धा श, कुठं रफार, कुठं उकार, सगळं त्यांच्या हातचं, 1998 पासूनचं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, ती नंतर लागते. रफाराचं नेमकं उलट. काका वाचून दाखवायचे, भाचा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत जुन्या मजकुराचं युनिकोड करणारं कोष्टक भरायचा. तीन आठवडे चाललं. त्या आठवड्यांत कोणीच कोणाला ग्नू की लिनक्स हे विचारलं नाही.

आज पानं लावायला आम्ही इनडिझाइन भाड्यानं घेतो, कारण घाईच्या कामात ते हात देतं. टायपिंग लिनक्सवर, लिबरऑफिसमध्ये, युनिकोडमध्ये. 'मुक्त' नावाच्या फॉन्टसारखे मोकळे फॉन्ट वापरतो. काम दिलं की पीडीएफबरोबर गिऱ्हाइकाला त्याचा साधा मजकूरही देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

जुन्या सीडींचं काम अजून उरलंय. कोष्टक बहुतेक सगळं बरोबर बदलतं, फक्त 'ऱ्य' त्याला चकवतो. दर्या आणि दऱ्या त्याच्या लेखी एकच. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी काका येतात, लाल पेन घेऊन प्रिंट वाचतात. मागच्या आठवड्यात एका शाहिराच्या संग्रहात त्यांना अशा चौदा चुका सापडल्या. भाच्यानं त्या रात्रीच दुरुस्त करून पाठवल्या.