तुळईचं टोक

लाकूड तपासताना मी आधी नाक वापरते. रिपोर्टात हे लिहिता येत नाही, पण सुक्या सागवानात ड्रिल घातलं की चामड्यासारखा तेलकट वास येतो आणि भुसा सोनेरी, मोकळा पडतो. सडलेल्या लाकडाचा भुसा पडतच नाही, बिटाला काळपट चिखल चिकटून येतो. वास पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटाचा.

त्या शनिवारी एकाच तुळईने मला हे दोन्ही वास दिले.

पुण्यातल्या एका पेठेतला दुमजली वाडा. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस लागलेली. मालकांच्या हातात आधीचा एक रिपोर्ट होता. त्यात मातीच्या भिंतींचे रिबाउंड हॅमरचे आकडे होते. तो हातोडा काँक्रीटची ताकद तपासायला असतो! लाकडाबद्दल एकच ओळ: ‘जुने व जीर्ण.’ आमच्या धंद्यातल्या लोकांना दोष तरी किती देऊ? इंजिनियरिंग कॉलेजात लाकडाचं एक प्रकरण होतं, परीक्षेपुरतं. बाकी चार वर्षं सळई आणि सिमेंट.

“मॅडम, तपासायचं काय त्यात? तुळई कशी वाकलीय ते दिसतंच आहे,” मालक म्हणाले. त्यांच्याबरोबर वाडे पाडणारा एक कंत्राटदार होता. तो टेप लावून छताच्या लाकडी कड्यांचे घनफूट काढत होता. कागदावर या लोकांना लाकूड सडलेलं हवं असतं. पुढे तेच लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात ‘जुनं पक्कं सागवान’ म्हणून उभं राहतं.

तुळई वाकली होती हे खरं. दहा फुटांच्या गाळ्यात, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरात, दोरी ताणली तर मधोमध दीड इंच झोल. लाकडी बांधकामाच्या आयएस 883 या भारतीय मानकाप्रमाणे गाळ्याचा 240वा भाग, म्हणजे अर्धा इंच चालतो. इथे तिप्पट. पण तो हिशोब नव्या तुळईसाठी. कायमचं वजन डोक्यावर असलं की लाकूड वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलांनी खाली येत राहतं, आणि वजन उतरवलं तरी सगळं परत वर जात नाही. नुसत्या झोलावरून तुळई मोडीत काढायची तर पेठांमधले निम्मे वाडे मोडीत काढावे लागतील. मी मध्यावर तीन भोकं पाडली. सोनेरी भुसा, ओलावा दहा टक्के. कंत्राटदाराने टेप गुंडाळायचं थांबवून भुसा बोटांत चोळला. त्याला कळलं. मालकांना नाही.

मग भिंतीत घुसलेल्या टोकाकडे गेले. टोच्या चार इंच आत गेला, लोण्यात जावा तसा. मीटरवर 28 टक्के. वीसच्या खाली लाकडाला बुरशी लागत नाही, म्हणून तर कोरड्या वाड्यातलं सागवान पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. खांबांना खाली दगडी तळखडे असतात तेही यासाठीच, जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून. आमच्या आधीच्यांनी पाण्याची वाट ओळखली होती. या टोकाला मात्र पाणी वरून येत होतं. भिंतीला बाहेरून कधीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला, त्यामुळे मातीत शिरलेली ओल बाहेर पडायला जागाच नव्हती. तुळईचं टोक रोज भिजत होतं. वाकल्यामुळे तुळई सहसा पडत नाही, पण टोक चिरडलं तर खाली येते. आणि तंतूंना आडव्या येणाऱ्या दाबाला लाकूड मुळातच नाजूक, त्यात ते भिजलेलं.

वर गेले. बरोबर त्या टोकावर एक मोरी होती. चार बाय चार, कडीपाटावर सहा इंच कोबा, वर शहाबादी. मनातल्या मनात हिशोब केला: नुसता कोबाच पाच क्विंटलच्या आसपास, शिवाय दोनशे लिटरचा पिंप भरलेला.

“यांना अर्धांगवायू झाला तेव्हा बांधून घेतली ग,” तिथे राहणाऱ्या भाडेकरू आजी म्हणाल्या. “खालच्या मोरीपर्यंत कसं नेणार? मालकांच्या वडलांना विचारलं होतं. ते म्हणाले, घाला.”

“लिहून दिलं होतं का काही, आजी?”

“वाड्यात कोण लिहून घेतं?” असं म्हणत त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

रिपोर्ट मी दोन रात्री लिहिला. निष्कर्ष सरळ होता. वाडा पाडायची गरज नाही. तुळईचं टोक दोन फूट कापावं, जुन्याच सुक्या सागवानाचा तुकडा जोडावा, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बोल्टने कसाव्यात, बाहेरचा सिमेंट गिलावा खरवडून चुन्याचा करावा, मोरी काढावी. माझे सुतारकाका हे काम चार दिवसांत करतील. सगळं खरं, आणि मला त्याचा अभिमानही वाटला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: ‘वरच्या मजल्यावर नंतर बांधलेल्या मोरीतील गळती.’

मालकांचा फोन आला. मला वाटलं, वाडा वाचला म्हणून चिडले असतील. आवाज मात्र खुशीत. त्यांच्या वकिलांनी तेवढीच ओळ उचलली होती. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यात मालकाच्या लेखी संमतीशिवाय केलेलं कायमचं बांधकाम हे जागा खाली करून घेण्याचं एक कारण आहे.

‘नंतर बांधलेल्या’ हे दोन शब्द गाळले असते तर? गळती म्हटलं तरी दुरुस्ती तीच झाली असती. पण कारण लिहिलं नाही तर उद्या कुणीतरी नवं टोक बसवेल आणि मोरी तशीच ठेवेल, मग दहा वर्षांनी तेच टोक तसंच सडेल. हे मी स्वतःला सांगते, आणि ते बरोबरही आहे. तरी आजींच्या हातचा चहा पिऊन आल्यावर ती ओळ लिहिली होती, हे जात नाही.

त्या दिवशी निघताना तुळईखाली दोन लोखंडी टेकू लावून आले होते. पिंप रिकामा ठेवायला आजींना सांगितलं. त्या आता बादलीने पाणी भरतात. सुतारकाका दर दोन दिवसांनी विचारतात, “ताई, तुकडा काढून ठेवलाय, कधी जायचं?” पावसाला तीन आठवडे उरलेत. मालक फोन उचलत नाहीत.