मिग-२७ ‘बहादूर’, १/४८: आधी पंखाचा कोन, मग बाकी सगळं

मंडळी, मिग-२७ या जमिनीवर मारा करणाऱ्या लढाऊ विमानाचं १/४८ मापाचं (मूळच्या ४८ पट लहान) प्लास्टिक मॉडेल जोडतोय, त्याची ही बेंचवरची ताजी खबर. फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन्ही भाग जुळले, नाकात वजनासाठी शिशाच्या गोळ्या बसल्या आणि पंख १६ अंशांवर कायमचे चिकटवून टाकले. किटमध्ये पंख हलते ठेवायची सोय आहे, ती मी वापरली नाही. यावर काही जण नाकं मुरडणार, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो.

या विमानाचे पंख १६ (पूर्ण पसरलेले), ४५ आणि ७२ (पूर्ण मागे) अशा तीन कोनांत फिरतात. पूर्ण पसरले की टोकापासून टोकापर्यंत सुमारे १४ मीटर, पूर्ण मागे घेतले की पावणेआठ. म्हणजे १/४८ मध्ये २९ सेंटिमीटर किंवा १६. शेल्फवर जागा नसेल तर ७२ ठेवायचा मोह होतोच. पण पंख मागे असताना फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) खाली दाखवता येत नाहीत. शिवाय बाहेरच्या पंखाखालचे इंधनटाकीचे पायलॉन (लटकवायचे आधार) पंखाबरोबर वळत नाहीत. वैमानिकाला पंख मागे घ्यायचे असतील तर त्या टाक्या आधी टाकून द्याव्या लागतात. पंख ७२ वर आणि टाक्या जागच्या जागी, अशी मॉडेल्स स्पर्धेच्या टेबलांवर सर्रास दिसतात आणि परीक्षकही ती पास करतात! पोटाखालचा उभा पंखही लक्षात ठेवा. चाकं बाहेर असली की तो बाजूला दुमडलेलाच हवा, नाहीतर जमिनीला घासेल. आणि पंखावर एलेरॉनची (विमान कलवणाऱ्या झडपांची) रेघ शोधू नका, या घराण्यात एलेरॉन नाहीतच. कलणं-वळणं सगळं स्पॉयलर (पंखावरच्या उघडणाऱ्या पट्ट्या) आणि शेपटीच्या आडव्या पंखांवर. हे सगळे भाग एकमेकांत अडकलेले असल्यामुळे कोन न ठरवता चिकटवाचिकटव सुरू केली की पुढे काहीतरी खोटं पडतंच.

नुसतं नाक बदललेलं मिग-२३ (ज्या विमानावरून हे घडवलं) म्हणून याला हातात घेतलं तर मजा निघून जाते. रडार नाही, म्हणून नाक खाली उतरतं केलंय. वैमानिकाला पुढची जमीन दिसायला हवी. नाकाच्या टोकाला लेझरची खिडकी आहे. तिला मागून चंदेरी रंग दिला आणि वर क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) एक थेंब सोडला, तेवढ्यात जीव आला. हवा आत घेणारी तोंडं मिग-२३ सारखी हलती नाहीत, साधी आणि स्थिर आहेत, कारण जमिनीलगत मारा करणाऱ्याला दुप्पट आवाजाच्या वेगाची गरजच नाही. कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना बाहेरून चिलखती पत्रे आहेत. त्यांच्या कडा पुट्टी मारून गुळगुळीत करू नका, त्या उठून दिसायलाच हव्यात. कॉकपिट आतून तो सोव्हिएत हिरवट निळा. बाटलीतला मला फार भडक वाटला, थोडा राखाडी मिसळून घेतला.

पोटाखाली सहा नळ्यांची जीएसएच-६-३० तोफ. ३० मिलिमीटरची, मिनिटाला सुमारे ५,००० गोळ्यांचा वेग. तिच्या धक्क्याने खुद्द विमानाचेच दिवे आणि उपकरणं खिळखिळी व्हायची. किटमधल्या नळ्या बंद तोंडाच्या होत्या, त्या कापून बारीक पितळी नळ्या बसवल्या. तोफेच्या मागच्या भागात काजळी सढळ हाताने मारणार आहे. हल्ला करणाऱ्या विमानाचं मॉडेल खालून बघायचं असतं, त्यामुळे बेसवर आरसा ठेवायचा विचार पक्का.

आता रंग. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने नाशिकजवळ ओझरला परवान्याखाली अशी १६५ विमानं बांधली, त्यामुळे संदर्भाला फोटोंची कमतरता नाही. पण अडचण तीच आहे. नेटवर हाताला लागणारे बहुतेक फोटो शेवटच्या वर्षांतले, अपग्रेड झालेल्या राखाडी विमानांचे. २७ डिसेंबर २०१९ ला जोधपूरला २९ स्क्वाड्रनने निरोप दिला ती हीच. मला त्याआधीचं हिरव्या-तपकिरी चट्ट्यांचं हवंय, कारगिलच्या वेळचं, ९ स्क्वाड्रनचं. २७ मे १९९९ ला फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता यांच्या विमानाचं इंजिन रॉकेटं सोडल्यानंतर बंद पडलं ते याच स्क्वाड्रनचं. तेव्हा राखाडी विमानांवरच्या नव्या अँटेना या रंगावर लावू नका. त्या किटमध्ये असल्या तरी स्प्रूवरच (सुटे भाग जोडलेल्या चौकटीवरच) राहू द्या. चट्ट्यांच्या कडांसाठी ब्लू-टॅकच्या (मऊ चिकट लुकणाच्या) वळ्या करून मास्किंग (रंग नको तिथे झाकणं) चालू आहे, वरचा भाग निम्मा झालाय. राखाडीवाल्यांचं काम एका दुपारचं, इथे मात्र मान मोडते.

ग्लॉस कोट (चकचकीत थर) आणि डिकल्स (चिकटवायची चिन्हं) सध्या थांबवलेत. पावसाळी हवेत लॅकर क्लिअर दुधाळ पडतं, आणि डीह्युमिडिफायर घेण्याइतपत बजेट नाही (घरच्यांनी किटांचा ढीग मोजला तर अजून कमी होईल). तोवर रॉकेट पॉड (रॉकेटं ठेवायचे नळकांडे). बी-८ मध्ये ८० मिलिमीटरची २० रॉकेटं मावतात, म्हणजे या मापात प्रत्येक भोक जेमतेम दीड मिलिमीटरच्या पुढे. दीडच्या ड्रिलने हातानेच पाडतोय. मोटर लावली की प्लास्टिक वितळून कड फुगते. दोन पॉड लावायचे की चार, यावर कारगिलच्या काळातला स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर जरूर टाका. मगच पायलॉन चिकटवेन.